फेअरट्रेड चॉकलेट : जास्तीचे पैसे नेमके कोणापर्यंत पोहोचतात?

ऋतुगंध

नमस्कार. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात आम्ही काही मराठी कुटुंबे मिळून एक लहानसे मंडळ चालवतो. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांना खाऊची पिशवी देण्याची आमची प्रथा आहे आणि तिच्यात चॉकलेट असतेच. यंदाच्या बैठकीत एका सदस्याने ठराव मांडला की, यापुढे मंडळाने फेअरट्रेडचे, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव देणाऱ्या व्यापाराचे, चिन्ह असलेलेच चॉकलेट घ्यावे. आमच्या परिसरातले गार्स्टँग हे गाव 2000 साली जगातले पहिले फेअरट्रेड गाव म्हणून जाहीर झाले होते, त्यामुळे हे चिन्ह इथे शाळा, चर्च, वाचनालय असे सगळीकडे दिसते आणि त्याविषयी आदरही आहे. तरीही बैठकीत दोन तट पडले. काहींच्या मते वर्गणीच्या पैशातून महाग वस्तू घ्यायची असेल, तर त्या जास्तीच्या पैशाने आफ्रिकेतल्या शेतकऱ्याचे खरोखर भले होते की केवळ आपल्या मनाचे समाधान होते, हे आधी तपासले पाहिजे. मला हा आक्षेप रास्त वाटतो. ज्यांना या व्यवहाराची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवराई

घ्यावे. जगातला सुमारे 60 टक्के कोको कोत दिव्वार आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथला बहुसंख्य शेतकरी गरीब आहे. थोडे जास्त देणे परवडत असताना आकडेमोड करत बसणे मला योग्य वाटत नाही.

तर्कशुद्ध

देवराई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण पैसे मंडळाचे आहेत, म्हणून आकडेमोड केलीच पाहिजे, आणि ती फारशी अवघड नाही. फेअरट्रेड व्यवस्थेत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे आधारभाव, जो साध्या कोकोसाठी 2019 सालच्या ऑक्टोबरपासून टनाला 2400 डॉलर झाला; त्याआधी तो 2000 होता. दुसरी म्हणजे टनामागे 240 डॉलरचा प्रीमियम, जो बाजारभाव कितीही असला तरी वेगळा द्यावा लागतो.

आता 100 ग्रॅमच्या दुधाच्या चॉकलेटचा विचार करू. त्यासाठी साधारण 40 ग्रॅम कोकोच्या बिया लागतात असे धरले, तर त्यावरचा प्रीमियम एका सेंटलाही पोहोचत नाही. सत्तर टक्के कोको असलेल्या कडू वडीत तो दोन सेंटच्या आसपास जातो. बाजारभाव आधारभावापेक्षा वर असेल, तर आधारभावाचा वेगळा लाभ होत नाही, तेव्हा या व्यवस्थेमुळे शेतकऱ्याच्या बाजूला जाणारी निश्चित रक्कम एवढीच असते. चिन्ह असलेली वडी साध्या वडीपेक्षा 50 पेन्सांनी महाग असेल, तर त्यातल्या बहुतांश रकमेचा शेतकऱ्याशी संबंध नाही.

ऋतुगंध

हे मला ठाऊक नव्हते. मग उरलेले पैसे कुठे जातात?

शिलकी_वही

मी किरकोळ विक्रीच्या हिशेबाचे काम करतो. दुकानदार आणि घाऊक विक्रेता आपला नफा टक्केवारीने धरतात, त्यामुळे कच्चा माल एका पेनीने महागला, तर दुकानातल्या किमतीत ती वाढ काही पटींनी दिसते. शिवाय महागडी फेअरट्रेड वडी बहुधा सेंद्रिय असते, तिच्यात कोकोचे प्रमाण जास्त असते, उत्पादन कमी असते आणि वेष्टनही भारी असते. या सगळ्याचे पैसे आपण चिन्हाच्या खात्यावर मांडतो. ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावाच्या चॉकलेटवरही हे चिन्ह असते आणि त्याची किंमत बिनचिन्हाच्या नामांकित वडीहून कमीसुद्धा असू शकते. त्यामुळे मंडळाच्या वर्गणीचा प्रश्न तेवढा बिकट नाही.

कुमासीकर

मी नोकरीनिमित्त घानातल्या अशांती भागात राहिलो आहे, म्हणून शेताच्या बाजूने लिहितो.

कोकोचे फळ झाडाच्या खोडालाच लागते. ते लांब कोयत्याने उतरवतात, ढीग करतात आणि मग गावातली माणसे एकत्र बसून एकेक फळ फोडतात. आतल्या बिया पांढऱ्या, बुळबुळीत गराने वेढलेल्या असतात. केळीच्या पानांवर त्यांची रास करून वरूनही पानेच झाकतात आणि सहा दिवस आंबू देतात. उन्हात चटया टाकून वाळवणे हे त्यापुढचे काम. आठवडाभर बिया हाताने खालीवर करत राहावे लागते आणि पावसाचे चिन्ह दिसले की धावत जाऊन चटया गुंडाळाव्या लागतात. चॉकलेटचा वास ज्याला आपण म्हणतो, त्याचा पाया याच आंबवण्या-वाळवण्यात घातला जातो. तरीही भाव ठरवताना हे कौशल्य मोजले जात नाही.

घानात सोळा पोत्यांचा एक टन धरतात. तर्कशुद्ध यांचा प्रीमियमचा आकडा घेतला, तर पोत्यामागे 15 डॉलर येतात. दोन हेक्टरांच्या शेतकऱ्याला हेक्टरी 400 किलो उत्पन्न मिळाले, तर त्याची जेमतेम तेरा पोती होतात, म्हणजे सगळा माल फेअरट्रेडने उचलला तरी वर्षाला 200 डॉलरांहून कमी. प्रत्यक्षात संस्थेचा सगळा माल या अटींवर विकला जात नाही. जेवढी मागणी असते तेवढाच जातो आणि बाकीचा साध्या बाजारात. शिवाय प्रीमियम संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि त्याचे काय करायचे ते सभासद सभेत ठरवतात. कुठे विंधनविहीर होते, कुठे शाळेची खोली, कुठे सभासदांना रोख बोनस.

म्हणून हे निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मला तिथे जाणवलेली मोठी गोष्ट पैशाची नव्हती, वजनकाट्याची होती. घानात खरेदीचा भाव सरकारी कोको मंडळ ठरवते, त्यामुळे खरेदीदाराच्या माणसाला लबाडी करायची असेल तर ती वजनातच करता येते, आणि काटा मारल्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. खासगी खरेदीदारांना परवानगी मिळाल्यावर 1993 साली तिथल्या शेतकऱ्यांनी 'कुआपा कोको' ही सहकारी संस्था उभी केली. तिथे वजन करणारा गावाने निवडलेला सभासदच असतो. पुढे 1998 साली सुरू झालेल्या 'डिव्हाइन' या ब्रिटिश चॉकलेट कंपनीत या संस्थेचा हिस्सा 45 टक्क्यांपर्यंत गेला होता. 2020 मध्ये जर्मन उत्पादक वाइनरिख यांनी बहुसंख्य हिस्सा घेतल्यावर तो कमी झाला, याचे मला वाईट वाटते. फेअरट्रेडची मागणी नसती, तर अशी संस्था टिकून राहिली असती का, याची मला शंका आहे.

बालाघाट

कुमासीकर, फार मोलाची माहिती. मी बीड जिल्ह्यातला आहे आणि तुमचे लिहिणे वाचताना एकच प्रश्न मनात येत राहिला. शेतात राबणारा माणूस आणि संस्थेचा सभासद हे एकच असतात का?

आमच्याकडे उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान किंमत, ठरते, ती ऊस लावणाऱ्याच्या खात्यात जाते. ऊस तोडणारे जोडपे, ज्याला आम्ही 'कोयता' म्हणतो, ते मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. लहान मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. साखरशाळा निघाल्या, तरी प्रश्न मिटला नाही. उसाचा भाव वाढला म्हणून तोडणीची मजुरी आपोआप वाढल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. तिच्यासाठी मजुरांना दर वेळी वेगळा संप करावा लागला. कोकोतही असेच असेल, तर चिन्हाचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत जातो असे म्हणता येणार नाही.

कुमासीकर

बालाघाट, तुम्ही वर्मावर बोट ठेवले आहे. घानात बरीच शेती वाट्याने होते. 'अबुसा' पद्धतीत शेत कसणाऱ्या राखणदाराला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळतो, 'अबुनू' पद्धतीत निम्मा. सभासदत्व अनेकदा जमीनमालकाच्या नावावर असते आणि मालक शहरात राहत असू शकतो. कोत दिव्वारमध्ये तर बुर्किना फासो आणि मालीतून आलेल्या मजुरांवर मोठा भार आहे. प्रीमियममधून विहीर झाली तर तिचे पाणी सगळेच पितात, पण रोख बोनस वाटेकऱ्याला मिळेलच असे नाही.

तर्कशुद्ध

या मुद्द्याला संशोधनाचाही आधार आहे. लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेतल्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडामधल्या कॉफी, चहा आणि फुलांच्या शेतांवरच्या मजुरांचा अभ्यास केला आणि तो 2014 साली प्रसिद्ध केला. फेअरट्रेड संस्था असलेल्या ठिकाणी मजुरांची मजुरी इतर ठिकाणांपेक्षा चांगली नव्हती आणि काही ठिकाणी ती कमीच होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेअरट्रेड संघटनेने त्यावर आक्षेप घेतले. अभ्यास कोकोचा नव्हता हेही नोंदवतो. तरी लहान शेतकरी आणि त्याच्याकडचा मजूर यांचे हित एकच असते, असे गृहीत धरू नये, हा धडा कोकोलाही लागू आहे.

मुलुंडची_मैना

एक मूलभूत शंका. चिन्ह असलेल्या वडीत फेअरट्रेड शेतकऱ्याच्याच बिया असतात ना?

शिलकी_वही

नसतीलही. कोको, चहा, साखर आणि फळांचे रस यांच्या बाबतीत फेअरट्रेड 'मास बॅलन्स' पद्धतीला परवानगी देते. कारखान्याने 100 टन फेअरट्रेड कोको विकत घेतला, तर तो इतर कोकोत मिसळून दळला तरी चालतो. मात्र चिन्ह लावून विकायचा माल त्याच प्रमाणात असला पाहिजे. शेतकऱ्याला पैसे पूर्ण मिळतात, पण आपल्या हातातल्या वडीतली बी कोणत्या शेतातली, हे सांगता येत नाही. लहान संस्थांकडे वेगळा कारखाना चालवण्याइतका माल नसतो, म्हणून ही सवलत दिलेली आहे. ती मला मान्य आहे, परंतु वेष्टनावर तिचा उल्लेख ठळकपणे असावा.

मुलुंडची_मैना

म्हणजे आपण बी विकत घेत नाही, तर व्यवहाराच्या अटींना पाठिंबा देतो. हे समजल्यावर मला उलट बरे वाटले. भारतात मात्र असे चिन्ह असलेले चॉकलेट शोधूनही सहज मिळत नाही.

पुत्तूरकर

भारताचा विषय निघाला आहे, म्हणून लिहितो. आम्ही दक्षिण कन्नड जिल्ह्यातले चित्पावन. घरी चित्पावनी बोलतो आणि आमची सुपारीची बाग आहे. सुपारीच्या सावलीत कोको हे आमच्याकडचे जुने आंतरपीक. फळ पिवळे पडू लागले की खारी आणि उंदीर आपल्याआधी पोहोचतात, त्यामुळे तोडणी लांबवता येत नाही, आणि ओल्या बिया घरात साठवून भाव वाढायची वाट पाहणे तर अशक्यच. कोको उत्पादक खरेदीदारापुढे एवढा दुबळा का असतो, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

भारतात कॅडबरीने 1965 पासून केरळमध्ये कोकोच्या लागवडीला चालना दिली. लागवड पसरली, आणि 1980 च्या सुमारास भाव कोसळल्यावर खरेदीच आटली. अनेकांनी झाडे तोडली. त्या वेळी सुपारी उत्पादकांची 1973 साली स्थापन झालेली 'कॅम्पको' ही सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली आणि 1986 मध्ये तिने पुत्तूरजवळ स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. त्यावर फेअरट्रेडचे चिन्ह नव्हते. आमच्या वडिलांच्या पिढीला ज्याने आधार दिला, तो स्वतःच्या मालकीचा खरेदीदार आणि स्वतःच्या मालकीचा कारखाना. घाना आणि कोत दिव्वारमधून आजही बराच कोको बीच्याच रूपात बाहेर जातो. चॉकलेटच्या किमतीतला मोठा हिस्सा बी देशाबाहेर गेल्यावर तयार होतो, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले सुमारे 6 टक्के येतात असा अंदाज नेहमी दिला जातो. 240 डॉलरच्या प्रीमियमने हे प्रमाण बदलणार नाही.

देवराई

पुत्तूरकर, कॅम्पकोचे चॉकलेट मी लहानपणी मंगळूरच्या नातेवाइकांकडून खाल्ले आहे. त्यामागे एवढा इतिहास आहे हे आज कळले. आनंद झाला.

इतिहासवेडी

ग्राहकाच्या नैतिकतेचा हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातही कॅडबरी आहेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरीचा बराच कोको साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून येत असे. तिथे अंगोलातून आणलेल्या मजुरांना गुलामीत राबवले जाते, हे विल्यम कॅडबरी यांच्या कानावर 1901 साली आले होते. पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी 1904-05 मध्ये तिकडे जाऊन ते जगापुढे मांडले. हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, दानशूर म्हणून नावाजलेले कुटुंब होते. तरी चौकशी, पत्रव्यवहार आणि राजनैतिक सबुरी यांत काळ गेला आणि तिथली खरेदी 1909 च्या मार्चमध्ये बंद झाली. एका वृत्तपत्रावर त्यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात त्याच वर्षी ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण भरपाई म्हणून फक्त एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, मंजूर केला.

दुसरी घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. 1937 साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, युरोपीय कंपन्यांनी आपसांत करार करून कोकोचा भाव बांधला. त्यावर शेतकऱ्यांनी ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत माल विकायलाच नकार दिला आणि युरोपीय दुकानांतून वस्तू घेणेही थांबवले. ब्रिटिश सरकारला नोवेल आयोग नेमावा लागला आणि आयोगाने कंपन्यांच्या कराराविरुद्ध मत दिले. कोकोच्या व्यापारातले बदल घडवायला ग्राहकांच्या सदिच्छेइतकीच उत्पादकांची एकजूट लागली आहे. आपण चर्चा करताना शेतकऱ्याला केवळ मदत घेणारा समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नवखा_वाचक

मग सरळ बहिष्कारच का घालू नये? मुले राबतात त्या देशाचा कोको घेऊच नये.

कुमासीकर

नवखा_वाचक, तुमचा संताप समजतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या 'नॉर्क' संस्थेच्या 2020 च्या अहवालानुसार, घाना आणि कोत दिव्वार या दोन देशांत सुमारे 15 लाख 60 हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. त्यातली बहुतेक आपल्या घरच्या किंवा नातेवाइकांच्या शेतावर काम करतात. कोयता चालवणे, जड ओझे वाहणे, फवारणीच्या जागी असणे ही कामे त्यात आहेत. पळवून आणलेली मुलेही आहेत आणि तो गुन्हाच आहे. पण त्या मोठ्या संख्येमागचे मुख्य कारण मजूर लावायला पैसे नसणे हे आहे. बहिष्काराने घरातला पैसा आणखी कमी होईल.

तर्कशुद्ध

भावाचा परिणाम पाहायचा असेल, तर अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. 2017 मध्ये बाजार कोसळला आणि कोत दिव्वार सरकारने शेतकऱ्याचा भाव किलोला 1100 सीएफए फ्रँक (तिथले चलन) वरून 700 वर आणला. उलट 2024 च्या वसंतात जागतिक भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला हंगामाच्या सुरुवातीला ठरलेले 1000 फ्रँक, म्हणजे टनाला 1600 डॉलरच्या आसपास, मिळत होते. एप्रिलमध्ये ते 1500 झाले. दोन्ही देश पुढच्या हंगामाचा बराच माल आधीच विकून ठेवतात, त्यामुळे तेजीचा लाभ लगेच खाली उतरत नाही. भाव चढला होता तोही झाडांवरचा विषाणूरोग, प्रतिकूल पाऊस आणि म्हाताऱ्या बागा यांमुळे, म्हणजे विकायला पोतीच कमी होती. आधारभाव मंदीत कामाला येतो. म्हणून तो असावा, आणि आजच्यापेक्षा बराच वर असावा, असे माझे मत आहे.

इतिहासवेडी

कायद्याचा मुद्दा राहून जातो आहे. 2001 साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने चॉकलेटवर 'गुलामीमुक्त' असा शिक्का असावा या दिशेने पाऊल टाकले होते. उद्योगाने त्याऐवजी हार्किन-एंगेल नावाचा ऐच्छिक करार पुढे केला. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार 2005 पर्यंत संपवण्याचे त्यात वचन होते. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, पुढे 2020 पर्यंत 70 टक्के घट असे उद्दिष्ट ठेवले गेले आणि तेही पुरे झाले नाही. ब्रिटनचा 2015 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा मोठ्या कंपन्यांकडून दरवर्षी फक्त एक निवेदन मागतो. निवेदनात आम्ही काहीही केले नाही असे लिहिले, तरी कायद्याची पूर्तता होते. नैतिकतेचा सगळा भार दुकानातल्या ग्राहकावर येऊन पडला आहे, तो यामुळे.

शिलकी_वही

आणि ग्राहक सावध नसेल, तर आहे तेही जाते. कॅडबरीने 2009 मध्ये ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कवर फेअरट्रेडचे चिन्ह आणले, 2016 मध्ये ते सोडून कंपनीचा स्वतःचा कार्यक्रम पुढे करायचे जाहीर केले. नेस्लेने किटकॅटवर ते 2010 मध्ये आणले आणि 2020 मध्ये ते सोडून ती कंपनी रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या चिन्हाकडे वळली, ज्यात आधारभाव नाही. त्या वेळी कोत दिव्वारमधल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने उघड पत्र लिहून निर्णय बदलण्याची विनंती केली होती. ज्यांना हे चिन्ह निरुपयोगी वाटते, त्यांनी या पत्राचा विचार करावा. रक्कम थोडी असली तरी ती जाऊ नये असे घेणाऱ्यांनाच वाटत होते.

बालाघाट

हा मुद्दा मला पटला. मजुराचा प्रश्न शिल्लक आहे, पण शेतकरी स्वतः मागत असलेली गोष्ट दूर बसून नाकारणे बरोबर नाही.

ऋतुगंध

सर्वांचे मनापासून आभार. बैठकीत मी पुढीलप्रमाणे मांडणार आहे. मंडळाने फेअरट्रेड चॉकलेट घ्यावे, पण दुकानाच्या स्वतःच्या नावाचे, म्हणजे वर्गणीवर भार येणार नाही. महाग वडी घेतल्याने शेतकऱ्याला जास्त मिळते असा प्रचार कोणी करू नये. त्याखेरीज त्या दुकानाला मंडळाच्या वतीने पत्र लिहावे. त्यात काय विचारावे, हे कृपया सुचवा.

तर्कशुद्ध

तुम्ही ज्या संस्थांकडून कोको घेता, त्यांच्या एकूण मालापैकी किती टक्के फेअरट्रेडच्या अटींवर घेता, आणि खरेदीचा करार किती वर्षांचा असतो, हे दोन प्रश्न पहिले. वर्षावर्षाच्या करारावर कोणी नवी झाडे लावत नाही.

पुत्तूरकर

चॉकलेटचा किती भाग कोको पिकणाऱ्या देशातच तयार होतो, हेही विचारावे.

बालाघाट

आणि प्रीमियमचा विनियोग ठरवणाऱ्या सभेत वाटेकऱ्याला आणि मजुराला मत असते का, हा प्रश्न कृपया पत्रात अवश्य घ्या. उत्तर आले तर इथे जसेच्या तसे द्यावे.